सहावा मासा

कोकणातल्या मुसलमानाला मासेमारीचे कौतुक सांगणे म्हणजे लोहाराला विस्तवाचे कौतुक सांगण्यासारखे आहे. आमच्याकडे मासळी ही हौस नसते. ती जेवण असते, रोजी असते, आणि पावसाळ्यात सुकटीच्या रूपाने आधार असते. खाड्यांच्या काठाने राहणारी दालदी मुसलमानांची घरे पिढ्यान्‌पिढ्या जाळ्यावर जगली. त्यामुळे डोंगर चढून जायचे, हातात लवचीक काठी घ्यायची, पिसांची खोटी माशी पाण्यावर टाकून मासा पकडायचा आणि याला शौक म्हणायचे, हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हाला हसूच आले होते.

आम्ही चौघे दोस्त उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एक विज्ञानवाला, एक गणितवाला, एक पी.टी.वाला आणि एक उर्दूवाला. तिघांनी बी.एड. एकत्र केले, चौथा बी.पी.एड. करून येऊन मिळाला. लिहिण्याचे काम अर्थातच उर्दूवाल्याच्या गळ्यात पडले आहे.

या शौकाची सुरुवात विज्ञानवाल्याच्या मामूंमुळे झाली. मामू केपटाऊनला असतात. कोकणातली कितीतरी मुसलमान कुटुंबे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पोटासाठी तिकडे गेली, त्यांतलेच एक त्यांचे घर. ते गावी आले तेव्हा दोन काठ्या आणि माशांचा, म्हणजे पिसांच्या माशांचा, एक डबा सोडून गेले. जाण्यापूर्वी त्यांनी आम्हाला शाळेच्या मैदानावर धडे दिले. गरीच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधला आणि मैदानावर दोर फेकायला लावले. शाळा सुटल्यावर पोरे कुंपणाशी उभी राहून विचारायची, "सर, मैदान में मछली?"

या मासेमारीतली गंमत समजायला वेळ लागतो. आपल्या गळाला शिशाचा गोळा असतो, त्याच्या वजनाने गरी लांब जाते. इथे गरीला वजनच नसते. कोंबड्याच्या मानेची पिसे, सशाचे केस आणि रेशमी धागा गुंडाळून केलेली ती माशी फुंकरीने उडेल इतकी हलकी. वजन असते ते दोरात. काठी मागे न्यायची, दोर पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचे आणि मगच पुढे झोकायचे. सगळे कसब त्या थांबण्यात आहे. पी.टी.वाल्याच्या दंडात आमच्या तिघांचे बळ होते, पण त्याचाच दोर सर्वांत जास्त गुंतायचा. मामू म्हणायचे, "ताकद नको रे, सबर पाहिजे."

दुसरी गोष्ट आमच्या धंद्यातलीच निघाली. पाठ घेताना मुलाचे पूर्वज्ञान पाहावे, त्याला जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करावी, हे बी.एड.मध्ये आमच्याकडून घोटून घेतले होते. ट्राउटचेही तसेच आहे. त्या पाण्यात त्या दिवसांत जो कीटक तो खात असतो, त्याच आकाराची, त्याच रंगाची माशी दिली तर तो तोंड उघडतो. नाहीतर नाकासमोरून गेली तरी ढुंकून पाहत नाही. मेफ्लाय नावाचा एक कीटक असतो. अळीच्या रूपात तो पाण्याखाली महिनोन्‌महिने काढतो आणि पंख फुटल्यावर एखाददुसरा दिवस जगतो. त्या दिवसभरात तो काही खात नाही, खायला त्याला चालते तोंडच नसते. जोडी जुळली, अंडी घातली की संपला. त्याच्या त्या एका दिवसाची नक्कल करायला माणसे आयुष्यभर पिसे गुंडाळत बसतात.

ट्राउटला थंड, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. आमच्या खाडीत तो तासभरही जगायचा नाही. आपल्या देशात त्याचे मोठे घर म्हणजे काश्मीर. पण तोही तिथला मूळचा रहिवासी नाही. 1899 मध्ये ब्रिटनहून त्याची अंडी बर्फात घालून पाठवली गेली, ती वाटेतच मेली. 1900 मध्ये दुसरी खेप आली, ती जगली. श्रीनगरात गालिचाचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल नावाच्या गोऱ्या माणसाने त्यांची निगराणी केली आणि हारवनला त्यांचे पालनकेंद्र उभे राहिले. तिथून हा मासा काश्मीरच्या नाल्यांत आणि उंचावरच्या सरोवरांत पसरला. काश्मिरीत माशाला 'गाड' म्हणतात. तिथल्या अस्सल माशाला अजूनही 'काशुर गाड', म्हणजे काश्मिरी मासा, म्हणून वेगळे ओळखतात. शंभर वर्षे उलटली तरी पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे भाषा विसरत नाही.

2023 च्या सप्टेंबरात आम्ही निघालो. गणपतीच्या सुट्टीला चार रजा जोडल्या. त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही 28 सप्टेंबरलाच होत्या, त्याआधी घरी परतायचे असे घरच्यांना कबूल केले होते. मुंबईहून जम्मूपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. श्रीनगरला मत्स्य विभागाचा परवाना काढला. त्यावर किती मासे धरायचे याची मर्यादा आणि साधन कोणते वापरायचे हे छापलेले होते. तिथून गांदरबल जिल्ह्यातले नारानाग. हरमुखच्या पायथ्याचे हे गाव, जुन्या दगडी मंदिरांच्या अवशेषांशेजारी वसलेले. इथून देवदार-चीडच्या रानातून तेराशे मीटरची चढण चढले की त्रुंखोलचे कुरण लागते आणि त्यापलीकडे गंगबल आणि नंदकोल ही दोन सरोवरे, सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर.

सामान घोड्यावर होते. घोडेवाले चाचा गुजर. चढताना आमचा दम लागलेला पाहून म्हणाले, "समंदर के लोग हो, यहाँ हवा भी नाप के मिलती है." त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या आजोबांच्या काळी ट्राउट हा साहेबांचा आणि महाराजांचा मासा होता, गरिबाने धरला तर दंड. त्यामुळे त्यांच्या घरी तो कितीतरी वर्षे रात्रीच शिजायचा.

गंगबल हे काश्मिरी पंडितांचे तीर्थ आहे. ते तिथे आपल्या माणसांच्या अस्थी सोडतात. 2009 पासून तिथली यात्राही पुन्हा सुरू झाली आहे. परवान्याने अडवले नव्हते, तरी आम्ही गंगबलच्या पाण्यात गरी टाकली नाही. वुजू केले, नमाज पढली आणि खालच्या नंदकोलवर तंबू ठोकला. समोर हरमुख, पाच हजार मीटरहून उंच, आणि त्याची हिमनदी जणू सरोवरात उतरू पाहणारी.

नदीतला ट्राउट एका जागी तोंड वर करून उभा राहतो, प्रवाह त्याला खाणे आणून देतो. सरोवरातल्या ट्राउटला खाण्यासाठी फिरावे लागते. तो काठाकाठाने गस्त घालतो. म्हणून पाण्यात दूरवर माशी फेकण्यापेक्षा काठापासून मागे राहून त्याची वाट पाहणे बरे. विज्ञानवाल्याने इथे आपला अपवर्तनाचा धडा काढला. पाण्याखालून वर पाहणाऱ्याला सगळे आभाळ एका गोल खिडकीत एकवटलेले दिसते. ती खिडकी सुमारे 97 अंशांची. काठावरचा माणूस जितका उंच, तितका त्या खिडकीत तो ठळक. जो वाकतो, तो खिडकीच्या कडेला दबून जातो आणि माशाला दिसेनासा होतो. "म्हणजे इथे ताठ मानेने काही मिळत नाही," गणितवाला म्हणाला. दोन दिवस आम्ही गुडघ्यांवर चाललो.

पहिल्या दिवशी काही लागले नाही. दुसऱ्या दिवशी असरनंतर वारा पडला. पाणी तेलासारखे गुळगुळीत झाले आणि त्यावर बारीक, न चावणारे डास उतरू लागले. मग एक वलय उठले. मग दुसरे. थोड्या वेळाने सगळ्या काठाला वलयेच वलये. आम्ही डब्यातली सर्वांत लहान काळी माशी बांधली. विज्ञानवाल्याचा दोर पहिल्यांदा ताणला गेला. वर आला तो पिवळसर, अंगावर काळे आणि लाल ठिपके, त्या ठिपक्यांभोवती फिकट कडी. एवढा सुंदर मासा आम्ही समुद्राकाठच्या माणसांनीही पाहिला नव्हता. मासळीला जबह लागत नाही, तरी धरताना विज्ञानवाल्याच्या ओठांवर बिस्मिल्लाह आलेच.

मग्रिबच्या आत सहा मासे झाले. आणि इथे भांडण झाले.

पी.टी.वाला म्हणाला, "आता तर कुठे सुरुवात आहे. परवान्यावर अजून जागा आहे. आणि खायचे नसतील तर सोडून देऊ. मामू सोडूनच देतात." ते खरे होते. गरीचा काटा दाबून टाकायचा, हात ओले करायचे म्हणजे माशाच्या अंगावरचा चिकट थर निघत नाही, पाण्यातच त्याला मोकळे करायचे, हे सगळे मामूंनी शिकवले होते. जगभर या शौकाचे लोक असेच करतात आणि त्यात त्यांना अभिमान वाटतो.

गणितवाल्याने आपली काठी उतरवून तीन तुकडे पिशवीत घातले. तो दालदी. त्याचे अब्बा चाळीस वर्षे समुद्रावर गेले. तो म्हणाला, "भूक असेल तर धर. भूक नसताना त्याच्या जबड्यात गरी घालायची, त्याला तडफडवायचं आणि मग म्हणायचं, जा, तुला माफ केलं. त्याचा गुन्हा काय होता?"

"अरे, पण तो जिवंत राहतो."

"राहत असेल. पण तुझा खेळ त्याच्या जिवावर होतो. खेळासाठी जिवाला हात लावू नये, हे आपण मदरशात ऐकलं नव्हतं?"

पी.टी.वाला चिडला. दोन हजार किलोमीटर येऊन, एवढे पैसे घालून, मासे स्वतःहून वर येत असताना काठी म्यान करायची असेल तर घरी बसून सुरमई का खाल्ली नाही, असे त्याने विचारले. आम्ही कोणाची बाजू घेतली नाही. दोघेही बरोबर वाटत होते. सोडून देणाऱ्यांमुळे कितीतरी नद्यांत मासे टिकले, हे खरे. आणि ज्याला भूक नाही त्याने भुकेचे हत्यार हातात धरू नये, हेही खरे.

मग गणितवाला हळू आवाजात बोलू लागला. त्याच्या अब्बांनी समुद्र का सोडला ते त्याने आम्हाला तोवर कधी सांगितले नव्हते. पर्ससीनची मोठी जाळी आली. एका फेऱ्यात थवाच्या थवा, त्यात अंड्यांवर आलेली मादी आणि बोटभर पिलू, सगळे एकत्र. पुढे रात्री विजेचे झगमगते दिवे लावून मासळी गोळा करण्याची रीत आली. 2016 मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, 2017 मध्ये केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. पण अब्बांचे छोटे जाळे त्याआधीच रिकामे येऊ लागले होते. "अब्बा म्हणायचे, जाळं मोठं झालं म्हणून समुद्र मेला नाही. 'बस' म्हणणारा माणूस मेला, म्हणून मेला."

कोणी काही बोलले नाही. पाण्यावर वलये उठतच होती. इतकी, की पाऊस पडतोय असे वाटावे. पी.टी.वाला बराच वेळ काठी हातात घेऊन काठावर उभा राहिला. मग त्याने दोर गुंडाळला. तो पटला म्हणून की दोस्तासाठी, हे आम्ही त्याला विचारले नाही.

घरून आणलेला मसाला, हळद आणि मीठ लावून मासे तव्यावर टाकले. चाचांनी मक्याच्या भाकरी आणि मीठचहा केला. ट्राउटला काटा कमी, चव सौम्य. बांगड्याची धार त्याला नाही, पण त्या थंडीत तो जिभेवर लोण्यासारखा वितळला. बकरवालांचे डेरे खाली उतरू लागले होते. शेवटच्या डेऱ्यातला एक आठ-नऊ वर्षांचा पोरगा धुराकडे पाहत उभा होता. त्यालाही बोलावले.

2025 मध्ये पुन्हा जायचे ठरले होते. पण त्या वर्षी 22 एप्रिलला पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात 26 माणसे मारली गेली. त्यांत आपल्या महाराष्ट्राचे सहा जण होते आणि पर्यटकांना वाचवू पाहणारा तिथलाच एक मुसलमान घोडेवालाही होता. डोंगरातल्या वाटा बंद झाल्या. चाचांना फोन केला तेव्हा ते स्वतःबद्दल काही बोलले नाहीत. आपल्याकडची माणसे गेली याबद्दलच ते पुन्हा पुन्हा माफी मागत राहिले. माफी मागण्याचे त्यांना काय कारण होते? आम्हाला त्यांच्याशी धड बोलता आले नाही. त्या हंगामात त्यांचा घोडा बिनकामाचा उभा होता. आम्ही सफरीसाठी साठवलेल्या पैशांतून त्यांना आगाऊ मजुरी पाठवली आणि सांगितले, सामान तुम्हालाच उचलायचे आहे, तारीख नंतर कळवू. त्यांनी ते खैरात म्हणून नव्हे, मजुरी म्हणूनच घेतले.

पहिल्या सफरीचा हिशेब मात्र त्याच वर्षी घरी पुरा झाला होता. परतल्यावर आम्ही चौघे गणितवाल्याच्या अब्बांना भेटायला गेलो. मोबाइलवर फोटो दाखवला. आम्हाला वाटले, मासा किती लांब, किती वजनाचा, असे विचारतील. ते फोटो बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "किती घेतलात?"

"सहा, अब्बा."

"माणसं किती होतात?"

"चाचा धरून पाच."

त्यांनी चष्मा काढला. "मग सहावा कोणाचा?"

बकरवालाच्या पोराचे सांगितले, तेव्हा त्यांनी मोबाइल परत दिला. म्हणाले, "मग बरोबर आहे."