मूठ आणि खटका

सायकलचा गिअर बदलण्याच्या प्रचलित रीती मुख्यतः दोन. एकीत हँडलच्या मुठीचा आतला भाग मनगटाने फिरवायचा. दुसरीत मुठीखाली बसवलेले दोन लहान खटके बोटांनी दाबायचे. दुकानदार आणि जाणकार पहिलीला ट्विस्ट व दुसरीला ट्रिगर म्हणतात. आम्ही घरात मूठ आणि खटका म्हणतो. या लेखापुरते वाचकांनीही तसेच म्हणावे. डोंगरी सायकलींच्या जगात या दोहोंचा वाद तीस-पस्तीस वर्षे चालू आहे, आणि बहुसंख्यांच्या लेखी त्याचा निकालही लागलेला आहे. खटका श्रेष्ठ, मूठ स्वस्त सायकलींना आणि पोरासोरांना. हा निकाल आम्हांला बऱ्याच अंशी मान्य आहे. तो ज्या हातावर बेतला आहे, त्या हाताविषयी मात्र थोडे बोलायचे आहे.

आधी थोडा इतिहास. साकाई येथील शिमानो या जपानी कंपनीने १९८४ साली गिअरच्या दांडीला ठरावीक टप्पे दिले. तोवर तार अंदाजाने ओढून साखळी जागेवर बसली की नाही हे कानाने ओळखावे लागे. आता एका टिचकीला एक गिअर असे गणित बसले. त्यानंतर प्रश्न उरला तो ही टिचकी हाताच्या कोणत्या भागाने द्यावी एवढाच. शिकागोत १९८७ साली निघालेल्या स्राम कंपनीने पुढच्याच वर्षी ग्रिप शिफ्ट आणली आणि काही वर्षांत ती डोंगरी सायकलींवर चढवली. शिमानोचे उत्तर होते रॅपिडफायर. त्याच्या पहिल्या अवतारात दोन्ही खटके अंगठ्यानेच दाबायचे होते. लवकरच एक अंगठ्याकडे आणि एक तर्जनीकडे अशी वाटणी झाली, व तीच पुढे रूढ झाली. या दोन कंपन्यांत १९९० साली कोर्टकचेरीही झाली. ती मूठ-खटक्याच्या गुणावगुणांवरून नव्हे, तर सायकल-उत्पादकांना दिल्या जाणाऱ्या सवलतींवरून. पण बाजारात गुणावगुण बहुधा अशाच वाटांनी ठरतात.

आपल्याकडे खरे तर मुठीचे नावीन्य नसावे. बजाजची चेतक १९७२ साली आली, आणि ज्या घरात ती आली त्या घरातल्या प्रत्येक पुरुषाने डाव्या मुठीत क्लच दाबून मनगटाने चार गिअर पाडलेले आहेत. पालघर-बोईसरच्या पट्ट्यात तर चेतक हे औद्योगिक वसाहतीचे वाहन. सकाळच्या पाळीला तारापूर एमआयडीसीच्या फाटकांबाहेर त्यांची रांग लागे. तीच माणसे आज सायकलवरच्या मुठीला पोरखेळ म्हणतात.

आमचे थोरले बंधू त्या रांगेतले. दादा बोईसरला राहतो, आम्ही पालघरला. १९९६ साली वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रेसवर काम करताना त्याच्या उजव्या अंगठ्याचे वरचे पेर गेले. त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. त्यात अवयवांपुढे कमाईची क्षमता किती घटली याचे टक्के मांडलेले असत: संपूर्ण अंगठा ३०, अंगठ्याचे शेवटचे पेर २०. दादा वीस टक्क्यांत बसला, आणि नंतर तिथेच दुसऱ्या खात्यात निवृत्त होईपर्यंत राहिला. (एकलव्याचे नाव या ठिकाणी कोणीतरी घेतेच. दादाला ते अजिबात आवडत नाही. आपण कोणाला काही दिले नाही, गेले, असे त्याचे म्हणणे.)

निवृत्तीनंतर साखर निघाली आणि डॉक्टरांनी हालचाल वाढवायला सांगितले. पुतण्याची एकवीस गिअरची सायकल जिन्याखाली पडून होती. पुढे तीन चक्रे, मागे सात, आणि दोन्ही बाजूंना खटके. दादाने ती पुसून बाहेर काढली. उमरोळीवरून तो आमच्याकडे येऊ लागला, आणि मग आम्ही दोघे मनोरच्या रस्त्याला लागू लागलो.

त्या रस्त्यावर वाघोबाची खिंड आहे. पालघरहून पूर्वेकडे निघाले की डावी-उजवी भातखाचरे संपतात, काळदुर्ग जवळ येतो आणि चढ सुरू होतो. वर वाघोबाचे देऊळ. वारल्यांचा हा देव, पण जाणारा-येणारा कोणीही तिथे हात जोडतो. चढ जाणत्या सायकलस्वाराला मोठा नव्हे. साठी ओलांडलेल्या माणसाला पुरेसा आहे.

दादा दर वेळी तिथे एकाच जागी उतरायचा, आणि दम लागला म्हणायचा. दम लागलेला नसे, हे आमच्या काही दिवसांनी लक्षात आले. उजव्या हाताच्या खटक्यांची वाटणी अशी असते: तर्जनीचा खटका तार सोडतो, साखळी लहान चक्रावर जाते, गिअर जड होतो. अंगठ्याचा खटका तार ओढतो, साखळी मोठ्या चक्रावर चढते, गिअर हलका होतो. सोडण्याला जोर लागत नाही, ओढण्याला लागतो. म्हणून ते काम बळकट बोटाकडे दिलेले आहे. रचना शहाणपणाचीच म्हणायची. पण वरचे पेर नसलेल्या माणसाला तिचा अर्थ असा होतो की सपाटीवर गिअर जड करत जाणे सहज जमते, आणि चढावर नेमका परतीचा मार्ग बंद असतो. डाव्या हाताने पुढचे लहान चक्र घेऊन तो निम्मा चढ काढी. पुढे उरलेल्या अंगठ्याचे बूड त्या खटक्याच्या कडेवर टेकवून बघे, ते घसरे, मग मूठ सोडून तळहाताने दाबे, आणि तेवढ्यात मागून मनोरकडे जाणारा ट्रक आला की सायकल डुलायची. तेव्हा उतरणेच बरे. हे सगळे त्याने आम्हांला कधी सांगितले नाही.

मूठ बसवून घेऊ, असे आम्ही सुचवले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, "मूठ पोरांच्या सायकलला असते." हा तांत्रिक आक्षेप नव्हता. लग्नातल्या फोटोंत त्याचा उजवा हात सदैव खिशात असतो. खटका न चालवता येणे ही जिन्याखालच्या सायकलपुरती खाजगी गोष्ट होती. मूठ बसवली की ती हँडलवर सर्वांच्या डोळ्यांसमोर येणार. आम्ही चेतकची आठवण दिली. "तिची मूठ डावीकडे होती," तो म्हणाला. हेही खरेच.

शेवटी तोड निघाली ती पालघरच्या एका मिस्त्रीच्या बाकावर. दोन्ही बाजू सारख्याच असाव्यात असा काही नियम नाही. डावा अंगठा शाबूत, तिथे खटकाच राहू दे. उजवीकडे, मागच्या सात गिअरना, त्याच कंपनीची मूठ. तारेच्या ओढीचे माप एकच असल्याने मागचा डिरेलर बदलावा लागला नाही. अडचण निराळीच निघाली. या स्वस्त सायकलींत ब्रेकचा दांडा आणि खटके एकाच साच्यात असतात, त्यामुळे उजवा ब्रेकही नवा घ्यावा लागला. शिवाय मूठ फिरवण्याचा भाग हँडलची आतली जागा खातो, म्हणून रबरी ग्रिप आखूड लागली. मिस्त्रीने हँडलवर चढणारी जुन्या पद्धतीची दांडीही दाखवली होती. ती तळहाताने ढकलता येते, पण त्यासाठी मूठ सोडावी लागते, आणि ट्रकच्या रस्त्यावर आम्हांला तेच टाळायचे होते.

दादाने एकच विचारले, "लांबून सारखेच दिसते ना?" लांबून सारखेच दिसते.

मुठीचे दोष मात्र खरे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. एमआयडीसीतल्या रस्त्यांवर खड्ड्यात हात आवळला की एखादा गिअर आपोआप सरकतो. घामेजलेल्या आणि पावसाने ओल्या तळव्यात रबर फिरण्याऐवजी तळवाच फिरतो. जून ते सप्टेंबर दादा जुना सुती हातमोजा घालतो. ब्रेक दाबत असतानाच गिअर बदलणे खटक्याला जमते तसे मुठीला जमत नाही. खिंडीच्या उतारावर आम्हांला विचाराल तर आजही आमच्या दोन्ही हातांना खटकाच हवा. उलट चढावर तीन-चार गिअर एका हिसक्यात उतरवण्याची मुठीची जी सोय, तिच्याशी खटक्याची पूर्ण बरोबरी होत नाही. खाऱ्या हवेचा त्रास दोघांनाही सारखाच. चिंचणीच्या किनाऱ्यावर आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या सायकलची तार वर्षभरात गंजते, आणि मुठीतून नवी तार ओवणे हे काम मिस्त्रीही कुरकुरतच करतो.

खिंडीत त्या जागी दादा आता उतरत नाही. थोडे वर, देवळाच्या अलीकडे उतरतो, आणि तिथे खरोखरच दम लागलेला असतो.

मध्यंतरी त्याच्या जुन्या खात्यातले एक सोबती सायकल पाहायला आले. मूठ फिरवून पाहिली, मग खिशातून हात काढला. त्यांची उजवी तर्जनी दोन पेरांनी कमी. जुन्या कोष्टकात अकरा टक्के. त्यांना मूठ हवी होती. आम्ही आणि दादाने त्यांचा हात नीट पाहिला. अंगठा उत्तम होता. स्रामचे दोन्ही खटके अंगठ्यानेच चालतात, तेव्हा त्यांना खटकाच बरा, असे दादाचे मत पडले. फक्त मागचा डिरेलरही त्याच घराण्याचा घ्यावा लागेल. त्याचा खर्च किती, ते दादा मिस्त्रीला विचारून सांगणार आहे.