अंगवस्त्र आणि उंबरठा

काही गोष्टी न बोलता सांगण्याची मराठी भाषेला मोठी हातोटी आहे. विवाहित पुरुषाने दुसरी बाई ठेवली, तर आपल्या आजे-पणज्यांच्या पिढीत तिला ‘अंगवस्त्र’ म्हणत. खांद्यावर टाकावे, नकोसे झाले की खुंटीला अडकवावे, अशी ती वस्तू! पुरुष फार तर ‘बाहेरख्याली’ ठरे. त्याच्या लग्नाच्या बायकोच्या अवस्थेला मात्र निराळा शब्द असल्याचे मला तरी आठवत नाही. आमच्या मंचेरियलला तेलुगू शेजारणी ‘चिन्न इल्लु’ म्हणतात, म्हणजे धाकटे घर. थोरल्या घरात त्या वेळी काय चाललेले असते, हे त्याही शब्दात कुठे येत नाही.

थोरल्या घरातली ती गोष्ट मराठीत ज्यांनी सरळ सांगितली, त्यांत ‘उंबरठा’ या चित्रपटाला मी फार वरचे स्थान देते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, जब्बार पटेल यांनी दिग्दर्शन केले आणि १९८२ साली चित्रपट पडद्यावर आला. स्मिता पाटील यांची सुलभा सुखवस्तू घरची सून. पती वकील, ती भूमिका गिरीश कर्नाड यांची. लहान मुलीला घरी जावेपाशी ठेवून ती दूरच्या एका महिलाश्रमाची अधीक्षिका होते, तिथल्या गैरकारभाराशी झगडते आणि अखेर राजीनामा देऊन परत येते. तेव्हा तिला कळते, की मधल्या काळात पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आली आहे.

पडद्यावरचा व्यभिचार म्हटला, की पूर्वी त्याचा सरंजाम ठरलेला असे. सापडलेली चिठ्ठी, कोसळता पाऊस, मद्याचा पेला आणि शेवटी पश्चात्ताप. इथे त्यातले काहीच नाही. सुभाष खलपुरुष नाही, सुसंस्कृत माणूस आहे. तो खोटे बोलत नाही, आवाजही चढवत नाही. जे आहे ते सांगतो, आणि संसार पूर्वीसारखा चालू राहावा अशी त्याची साधी अपेक्षा असते. मला धसका बसला तो या शांतपणाचा. मारझोड करणाऱ्या नवऱ्याविरुद्ध चार माणसे तरी उभी राहतात. इतक्या सभ्यपणे सांगणाऱ्यापुढे बाईने काय बोलावे?

“घर सोडून नोकरीला गेली, मग दुसरे काय होणार?” हा निकाल मी आमच्या मराठी स्वयंपाकघरांतून कितीदा ऐकला आहे. चित्रपट त्या आक्षेपाला उडवून लावत नाही, हेच मला त्याचे मोठेपण वाटते. सुलभा गेली हे खरे, लेक तिला दुरावली हेही खरे. पण पती महिनोन्‌महिने दूर राहिला असता, तर हीच मुभा तिलाही मिळाली असती काय, हे विचारायला कोणी पुढे येत नाही.

प्रशांत दळवी यांचे ‘चारचौघी’ १९९१ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी रंगभूमीवर आणले (२०२२ मध्ये नव्या संचात ते पुन्हा आले). त्यात गाठ आणखी अवघड आहे. आईने आधीच विवाहित असलेल्या पुरुषाबरोबर आयुष्य काढलेले; म्हणजे जगाच्या लेखी ती ‘दुसरी’. आणि तिच्याच लेकीला नवऱ्याचे दुसरीकडचे प्रकरण कळते. टेलिफोनवर ती नवऱ्याशी बोलते तो प्रवेश गाजला. आपल्याला ऐकू येते ते एकट्या तिचे बोलणे. अशा वेळी कोणाची बाजू घ्यावी? नाटक ते सोपे करून देत नाही.

कायद्याने तर पत्नीला विचारलेच नव्हते. भारतीय दंडसंहितेच्या ४९७ व्या कलमानुसार दुसऱ्याच्या पत्नीशी त्या पतीच्या संमतीवाचून संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार, आणि गाऱ्हाणे करायचे ते त्या पतीने. जिचा स्वतःचा नवरा भरकटला, तिला त्या कलमात जागा नव्हती. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. जपानातही १९४७ पर्यंत शिक्षा व्यभिचारी पत्नीला आणि तिच्या जोडीदाराला होई. विवाहित पुरुषाचे बाहेरचे संबंध गुन्हा ठरत नसत. माझी नात ‘मांगा’ नावाच्या जपानी चित्रकथा वाचते. १९८० च्या सुमारापासून तिकडे प्रौढ स्त्रियांसाठी अशा चित्रकथांची वेगळी मासिके निघू लागली आणि त्यांत संसारातला कंटाळा, नवऱ्याचे दुसरीकडे गुंतणे हे सारे चित्रांतून येऊ लागले. आपल्याकडे चित्रपटाने आणि नाटकाने जे केले, तेच तिकडे चित्रकथांनी केले म्हणायचे.

आम्हा तेलंगणातल्या मराठी घरांना हा विषय निराळाच बोचतो. इथे आलेल्या कित्येक सुनांचे माहेर विदर्भात, बल्लारशाच्या गाडीने जायचे. भाषा परकी, पाठीशी भाऊ नाही, आणि नवऱ्याचे नाव गेले तर गावातली ओळखच गेली. आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या यजमानांचे धाकटे घर गावातच होते. साऱ्यांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. काकू सणासुदीला नऊवारी नेसून हळदीकुंकवाला येत आणि सर्वांच्या आधी उठून जात.

‘उंबरठा’ त्यांनी माझ्याबरोबर पाहिला. शेवटी सुलभा घर सोडते आणि आगगाडीत बसलेली दिसते. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी एवढेच विचारले, “ती उतरली कुठे गं?”

चित्रपटात ते दाखवलेले नाही, असे मी सांगितले.

“दाखवायला हवे होते,” काकू म्हणाल्या.