निवळीचें मोल

चक्का टांगून ठेवला म्हणजे फडक्यांतून जें हिरवट पाणी ठिबकतें, त्यास निवळी म्हणतात. घरांत ती कणकेंत किंवा आमटींत जिरते, व तिचा विचार करण्याचें कारण पडत नाहीं. कारखान्यांत मात्र ती प्रश्न होऊन बसते. एक किलो चीज करण्यास सुमारें दहा लिटर दूध लागतें, आणि त्यांतून नऊ लिटरांच्या आसपास निवळीच निघते! ही ओढ्यांत सोडली तर तिच्यांतील साखर कुजतांना पाण्यांतला प्राणवायु संपतो व मासे मरतात.

कोणी म्हणेल, टाकाऊ वस्तूचें एवढें स्तोम कशास? आमचें म्हणणें असें कीं, ती टाकाऊ नव्हेच. दूध घेणारा संघ स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनांश मोजून दर देतो. निवळींत जाणारी साखर व प्रथिनें या दुसऱ्या रकमेंतलीं. तेव्हां दाम मोजून घेतलेला माल मोरींतून वाहतो, आणि आम्हांस नवल वाटतें तें हें कीं, तो कोणाच्या डोळ्यांस खुपत नाहीं.

नॉर्वेंत गुडब्रान्सडाल नांवाचें खोरें आहे. निवळी आटवून तपकिरी चीज करण्याची चाल त्या देशांत जुनीच होती. आन्ने होव्ह नांवाच्या बाईनें १८६३ सालीं आटत्या निवळींत साय घातली, आणि त्या रुक्ष पदार्थास जी चव आली, तिला बाजारांत भाव आला. पुढें धान्याच्या मंदींत या चीजनें खोरें सावरलें, असें तेथें मानतात. १९३३ सालीं, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं, तिला राजाचें पदक मिळालें. (सत्तर वर्षांचा विलंब दरबारी कामास शोभेसाच म्हणावयाचा!)

आमच्याकडे हा प्रयोग जसाच्या तसा चालणार नाहीं. चीजची निवळी गोड, चक्क्याची व पनीरची आंबट. ती आटविली तर आंबटपणाच दाट होतो. भुकटी करावी म्हटलें तर शंभरांत त्र्याण्णव भाग पाणी उडवावयाचें. व्यायाम करणारांच्या डब्यांतील महाग प्रथिनें निवळींतूनच येतात, पण तीं काढणारीं यंत्रें लहान दुग्धालयाच्या ऐपतीबाहेरचीं. त्याला सोपी वाट पेयाची. स्वित्झर्लंडांत निवळीपासून केलेलें 'रिव्हेला' हें फसफसतें पेय १९५२ पासून विकलें जातें. मठ्ठ्याला आलें, जिरें, मीठ लावणाऱ्या हातांस निवळी अवघड जाऊं नये. मात्र ती गार ठेवून लवकर विकली पाहिजे; उन्हाळ्यांत ती संध्याकाळपर्यंत दम धरीत नाहीं.