जूनचा वारा, डिसेंबरची मासळी

मस्कतहून सलालाहला जायचे दोन रस्ते आहेत. एक आतून, आदम आणि हैमा करत सपाट वाळवंटातून सुमारे 1000 किलोमीटर नाकासमोर जाणारा. दुसरा किनाऱ्याने: सूर, अल अश्खरा, महूत, दुक्म, शुवैमिया, हासिक, मिरबात. हा बराच लांबचा, तरी थंडीच्या दिवसांत कॅरव्हॅन घेऊन निघालेले लोक तोच धरतात. दक्षिणेकडे जाताना उजव्या हाताला वाळू नाहीतर उघडेबोडके कडे, डाव्या हाताला अरबी समुद्र, आणि संध्याकाळी बंदरावर घेतलेली सुरमई शेगडीवर. या प्रवासाचं कौतुक बहुतेक एकाच सुरात होतं. एकीकडे केवढं ओसाडपण, दुसरीकडे केवढी समृद्धी! वाळवंट म्हणजे काही नसलेली जागा आणि समुद्र म्हणजे सगळं असलेली, आणि दोन्ही शेजारी-शेजारी पाहायला मिळाल्या हे प्रवाशाचं भाग्य. मला हा विरोधच खरा वाटत नाही. या किनाऱ्यावरचं कोरडेपण आणि तिथली मासळी यांच्या मागे एकच वारा आहे, आणि तो आपल्या चांगल्या ओळखीचा आहे.

मराठी माणसाच्या आयुष्यात हा वारा जन्मापासून असतो. लहानपणी तो रेनकोटाच्या वासातून आणि नव्या पुस्तकांच्या कव्हरांतून कळतो. मोठेपणी 1 जूनपासून बंद होणाऱ्या मासेमारीतून आणि बाजारात कडाडलेल्या भावातून. म्हातारपणी सांध्यांच्या दुखण्यातून. शेतकऱ्याला तो मृगाच्या पेरणीतून कळतो. पण आपण ओळखतो तो त्याचा शेवटचा मुक्काम. त्याआधी तो मादागास्करच्या बाजूने विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या किनाऱ्यावर वळतो आणि जमिनीपासून दीड-एक किलोमीटर उंचीवर जोरदार झोत होऊन अरबी समुद्रावर येतो. फिंडलेटर या हवामानतज्ज्ञाने 1969 साली या झोताची नीट मांडणी केली. अभ्यासक आजही तो त्याच्याच नावाने ओळखतात. ओमानचा किनारा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातो आणि वाराही त्याच दिशेने, किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी उजवीकडे सरकतं. इथे उजवीकडे म्हणजे किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राकडे. त्याची जागा भरायला शे-दीडशे मीटर खालचं गार पाणी वर येतं. जुलै-ऑगस्टमध्ये रत्नागिरीचा समुद्र 28 अंशांच्या आसपास असतो, तेव्हा दोफारच्या, म्हणजे सलालाहच्या मुलुखाच्या, किनाऱ्यावर पाण्याचं तापमान 22-23 अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतं. वर येणारं हे पाणी नुसतं गार नसतं. मेलेल्या जिवांचा वर्षानुवर्षं खाली साचलेला ऐवज, नत्र आणि स्फुरद, ते घेऊन येतं. उन्हात आल्यावर त्यावर सूक्ष्म वनस्पतींचं पीक उभं राहतं, त्या पिकावर तारलीचे थवे पोसतात, आणि तारलीवर सुरमई, कुपा, मुशी.

याच गार पाण्याने जमिनीवर उलटा परिणाम होतो. समुद्रावरची हवा खालून थंड होते आणि तिच्यावर वाळवंटाकडून आलेली तापलेली हवा झाकणासारखी बसते. ढग तयार होतात, पण त्यांना उंच वाढता येत नाही. म्हणून सलालाहच्या डोंगरांवर जून ते सप्टेंबर जो खरीफ येतो, तो धुकं आणि भुरभूर यांचा. डोंगर हिरवेगार होतात, गाईगुरं चरतात, आखाती देशांतली कुटुंबं तिथे गर्दी करतात, आणि तरीही सलालाह शहरात वर्षाचा पाऊस सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपास. तोच झोत समुद्र ओलांडून सह्याद्रीला धडकतो तेव्हा महाबळेश्वरला 5500 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगरांच्या पलीकडे, जिथे धुकंही पोचत नाही, त्या कोरड्या उतारांवर लोबानाची झाडं वाढतात. पावसापासून जेमतेम एक डोंगर लांब राहणं त्या झाडाला मानवतं.

यावर एक रास्त हरकत आहे. अरबस्तान वाळवंट आहे ते काही या वाऱ्यामुळे नाही. त्या अक्षांशांवर हवा वरून खाली उतरते, कोरडी होते, आणि मोसमी वारा नसता तरी रुब अल खालीत वाळूच असती. हे खरं आहे. वाऱ्याने वाळवंट घडवलं असं म्हणणं म्हणजे एका कारणाला सगळ्याचं श्रेय देणं होईल. माझं म्हणणं किनारपट्टीपुरतं आहे, आणि तिथे पुरावा वाळूतच आहे. अल शर्कियाची वाळू, जिला जुने लोक वहीबा म्हणतात, ती समुद्रापर्यंत उतरते. तिच्या पोटात जे जुने, घट्ट झालेले थर आहेत, त्यातले पुष्कळ कण सागरी शिंपल्यांचा भुगा आहेत. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली, उथळ तळ उघडा पडला, आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याने तो भुगा आत वाहून नेला. कॅरव्हॅनच्या पायरीवर बुटांतून झाडलेली वाळू तळहातावर घेऊन भिंगाखाली पाहिली, तर गारगोटीच्या चकचकीत दाण्यांमध्ये दुधी, मळकट, कडा झिजलेले तुकडे दिसू शकतात. ते कधीकाळी कुणाची तरी पाठ होते, कवच होते. एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला त्याच्या विरुद्ध काहीतरी, हे वर्णन इथे टिकत नाही.

तारलीकडे मात्र थोडं थांबून पाहायला हवं. ओमानी लोक तिला ऊमा म्हणतात. कोकणात येते तीच ही जात. हिवाळ्यात दोफारच्या किनाऱ्यावर रापण ओढून ती ढिगांनी काढतात आणि वाळूवरच पसरतात. सकाळी तो पट्टा आरशासारखा चमकतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चांदी जाऊन तपकिरी रंग येतो, पोट आत जातं, आणि अंगठ्याने दाबलं तर मासा वाळक्या पानासारखा मोडतो. वास लांबून येतो. ही सुकी तारली उंटांना आणि गुरांना चारा म्हणून घालतात. ही काही आजची गोष्ट नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथून गेला तेव्हा त्यालाही जनावरं मासळी खाताना पाहून नवल वाटलं होतं. पण यात नवल नाही, हिशोब आहे. जमिनीवर जे गवत उगवलं नाही ते समुद्रात उगवलं, आणि माशाच्या अंगातून किनाऱ्यावर आलं. आपल्याकडे हीच तारली माडांच्या मुळाशी खत म्हणून जाते. गवताला आपल्याकडे तोटा नाही, म्हणून ती गोठ्यात न जाता वाडीत गेली.

दुसरी हरकत प्रवासाच्या साधनावरच घेता येईल. जड गाडी, डिझेलचा खर्च, टाकीत भरून न्यावं लागणारं गोडं पाणी. यापेक्षा विमानाने सलालाहला उतरावं आणि ताटात मशुई, म्हणजे लिंबाच्या भाताबरोबर अख्खी भाजलेली सुरमई, मागवावी. चवीपुरतं ते पुरेसं आहे. पण मी वर सांगितलेली गोष्ट एका ठिकाणी बसून दिसत नाही. ती शेकडो किलोमीटर पसरलेली आहे, आणि मुक्काम बदलत गेल्यावरच तिचे सांधे जुळतात: बार अल हिकमानच्या चिखलपाटावर हिवाळ्यात उतरणारे लाखो पक्षी, खलूफची साखरेसारखी पांढरी वाळू, मिरबातच्या खडकांवरचं शेवाळ आणि त्यावर जगणारं अबलोनी, म्हणजे एक समुद्री गोगलगाय. शिवाय घर हलवत राहणं हा या भूमीचाच जुना रिवाज आहे. वहीबाच्या किनाऱ्यावरची बदू कुटुंबं हिवाळ्यात मासेमारी करत आणि उन्हाळ्यात, समुद्र खवळला आणि खजूर पिकायला लागला की, बिऱ्हाड उचलून आतल्या बागांकडे जात. वाऱ्याचं वेळापत्रक त्यांच्या बिऱ्हाडाला पाठ होतं.

प्रवासी येतो तेव्हा नेमका हा वारा नसतो. डिसेंबरात समुद्र शांत, आकाश निळं, रात्री चादर लागेल एवढी हवा. कारण निघून गेलेलं, परिणाम ताटात. म्हणून या मासळीला कायमचं मानण्याची चूक सहज होते. अबलोनी काढायला ओमानमध्ये वर्षातून फार थोडे दिवस परवानगी असते, आणि सुरमईलाही पावसाळा संपतानाचे दोन महिने बंदी असते. त्याहून खोल काळजी पाण्याखालची आहे. अरबी समुद्राच्या मधल्या थरात प्राणवायू अगदीच कमी आहे. वरचं विपुल पीक मरून खाली कुजतं तेव्हा तो आणखी खर्च होतो. सुपीकपणा आणि गुदमरणं यांत इथे फार अंतर नाही.

या समुद्रातले कुबड्या देवमासे मात्र बाराही महिने इथेच असतात. जगभरातले त्यांचे भाऊबंद खाण्यासाठी ध्रुवांकडच्या गार पाण्यात जातात आणि विणीसाठी उष्ण समुद्रात येतात. यांना गार पाणी दारातच मिळतं. 1960च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात 242 कुबडे मारले, आणि त्यांच्या पोटात सापडलेल्या खाद्यावरूनच ते इथेच चरतात हे पक्कं झालं. आता ओमानजवळ ते शंभराच्या आतच उरले असावेत असा अंदाज आहे. 2017 साली त्यांतल्या एका मादीला उपग्रहाशी जोडलेली खूण लावली. तिचं नाव लुबान, म्हणजे लोबान. ती अरबी समुद्र ओलांडून थेट भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली, आणि मग पुन्हा ओमानकडे परतली.