एक न दिलेला पास

आमचा फुटबॉल संघ मैदानावर दोन भाषांत ओरडतो. कोणी "इकडे दे" म्हणतो, कोणी "इल्ली कोडो" म्हणतो. पाठीमागून कोणी येत असेल तर "हिंदे नोडो" ही हाक आधी येते आणि "मागे बघ" नंतर. बाहेरगावचे पाहुणे हसतात. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही. भालकी तालुक्यात वाढलेल्या पोराला भूक एका भाषेत लागते आणि बसचे तिकीट तो दुसऱ्या भाषेत काढतो. पहिलीपासून मी कन्नड शिकलो आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात याच गोष्टीला महत्त्व आहे.

मी सेंटर फॉरवर्ड खेळतो. फॉरवर्ड म्हणजे काय, हे मला कळले ते एका स्पॅनिश माणसामुळे. त्याचे नाव फेरान कोरोमिनास. पण सारे त्याला 'कोरो' म्हणत. १९८३ साली जन्मलेला हा खेळाडू स्पेनच्या ईशान्येकडील, फ्रान्सच्या सरहद्दीला लागून असलेल्या जिरोना प्रांतातला. तिकडेही घरची भाषा कातालान आणि देशाची भाषा स्पॅनिश, असा आपल्यासारखाच दुहेरी संसार आहे. बार्सिलोना शहरातल्या ज्या क्लबात तो घडला, त्याचे नाव एस्पान्योल. नावाचा अर्थ 'स्पॅनिश', पण ते लिहिले जाते कातालान वळणाने! हे वाचले तेव्हा मला आमच्या गावातल्या पाट्या आठवल्या.

१३ मे २००६ रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, एस्पान्योल दुसऱ्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात होता. रेआल सोसिएदादशी सामना. नव्वद मिनिटे संपली तरी गोल नाही. भरपाईच्या वेळेत तेवीस वर्षांच्या कोरोने गोल केला आणि क्लब वाचला. पुढे तो ओसासुना, जिरोना, एल्चे, मायोर्का अशा क्लबांतून खेळत राहिला. जगभर नाव झाले असे नाही. आणि ज्या वयात फॉरवर्ड लोक बूट खुंटीला टांगतात, त्या चौतिसाव्या वर्षी, २०१७ मध्ये, तो आपल्याकडे गोव्याला आला.

गोव्यात त्याने काय केले? इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच हंगामात १८ गोल, दुसऱ्यात १६ आणि तिसऱ्यात १४. सत्तावन्न सामन्यांत अठ्ठेचाळीस! पहिल्या दोन्ही हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान त्याचाच. त्याची उंची फार नाही, पळणेही वाऱ्यासारखे नव्हे. पण चेंडू कुठे येणार हे त्याला आधी कळे. आमच्याकडे पाऊस यायच्या आधी म्हाताऱ्या माणसांना कळते तसे.

१७ मार्च २०१९, रविवार. मी तेव्हा आठवीत होतो. मुंबईत अंधेरीच्या मैदानावर गोवा आणि बेंगळुरू यांच्यात अंतिम सामना होता. आमच्या घरी टीव्हीपुढे आप्पा, आजी, मी आणि शेजारचा माझा मित्र. तो कन्नड घरचा. आमच्या दोन्ही घरांमध्ये एकच भिंत. तो अर्थात बेंगळुरूकडून. आप्पा म्हणाले, "आपलं रेशन कार्ड कर्नाटकाचं, आपणही बेंगळुरूच म्हणायचं." आजीचे माहेर उदगीरचे. तिने विचारले, "गोवा म्हणजे आपल्या बाजूचंच ना रे?" मी म्हणालो, "मी कोरोच्या बाजूचा."

त्या दिवशी कोरोला गोल करता आला नाही. गोव्याच्या अहमद जाहूला लाल कार्ड मिळाले, दहाच खेळाडू उरले. सामना जादा वेळेत गेला. ११७ व्या मिनिटाला बेंगळुरूच्या डिमास डेल्गादोने कॉर्नर मारला आणि राहुल भेके नावाच्या बचावपटूने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. एक विरुद्ध शून्य. मित्र नाचू लागला. मी रडकुंडीला आलो. तेवढ्यात आप्पा म्हणाले, "हा भेके मुंबईचा पोरगा आहे, मराठी." आजी ताबडतोब म्हणाली, "मग आपलाच की!" दोन्ही संघांचे प्रशिक्षक स्पॅनिश, कॉर्नर स्पॅनिश माणसाचा, डोके मराठी मुलाचे आणि करंडक कर्नाटकाचा. कोण जिंकले आणि कोण हरले याचा हिशेब त्या रात्री आमच्या घरात काही लागला नाही. मित्राने आपल्या ताटातली हुग्गी माझ्या ताटात वाढली, इतकेच आठवते.

या गोष्टीचा उत्तरार्ध फार थोड्यांना ठाऊक असतो. त्या पराभवाला महिनाही झाला नव्हता, तोच १३ एप्रिल २०१९ रोजी भुवनेश्वरला गोव्याने चेन्नईयिनला २-१ असे हरवून सुपर कप जिंकला. पहिला गोल कोरोचा, निर्णायक गोल ब्रँडन फर्नांडिसचा. पुढच्या हंगामात लीगमधले अग्रस्थानही गोव्याने मिळवले. त्यानंतर, २०२० मध्ये, कोरोने गोव्याचा निरोप घेतला.

आता माझ्या गोष्टीकडे वळतो.

गेल्या वर्षी कलबुर्गीला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा उपांत्य सामना होता. बीदरच्या तांबड्या मुरुमावर गुडघे सोलून घेणारे आम्ही, तिथल्या काळ्या मातीवर बरे खेळलो. एक-एक अशी बरोबरी होती. शेवटच्या मिनिटाला चेंडू माझ्या पायात आला. समोर दोन बचावपटू आणि गोलकीपर. उजवीकडे माझा तोच मित्र. तो आता आमचा विंगर आहे. अगदी एकटा, मोकळा. तो जिवाच्या आकांताने ओरडला, "इल्ली कोडो! इल्ली कोडो!"

मी चेंडू दिला नाही. स्वतः मारला. तो खांबाच्या बाहेरून गेला. पेनल्टीत आम्ही हरलो.

परतीच्या बसमध्ये त्याने विचारले, "का दिला नाहीस?" मी म्हणालो, "गोंगाटात ऐकू आलं नाही. तू कन्नडमध्ये ओरडलास, लगेच ध्यानात आलं नाही." यावर तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बारा वर्षं तुला माझं कन्नड कळत होतं. आजच कळेनासं झालं का?" मग इतर मुले बोलू लागली. कोणी म्हणाले, यांनी महाराष्ट्राकडूनच खेळावे. कोणी म्हणाले, तुम्हीच मराठी शिका. हुमनाबाद येईपर्यंत बसचे दोन भाग झाले होते. मी खिडकीशी बसून राहिलो. भांडण मी सुरू केले नव्हते, असे स्वतःला सांगत होतो.

पण ते खरे नव्हते. मला ऐकू आले होते. समजलेही होते. मला गोल माझ्या नावावर हवा होता, एवढीच गोष्ट. लोभ माझा, आणि दोष मी भाषेच्या अंगावर टाकला. सरहद्दीवरच्या माणसाला ही सोय फार सहज हाताशी असते. आपली चूक झाकायला भाषेची गोधडी पांघरली की आपल्या बाजूने भांडायला दहाजण आपणहून उभे राहतात.

त्यानंतर दोन महिने आम्ही बोललो नाही. भिंत एकच, पण तिची जाडी तेव्हा कळली.

त्या दिवसांत आजी मला जुन्या गोष्टी सांगे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडले. तिचे उदगीर मुंबई राज्यात गेले आणि आमची भालकी म्हैसूर राज्यात. एका रात्रीत माहेर परराज्यात! त्याच सालाबद्दल मी ग्रंथालयात वाचू लागलो आणि एक जुना सामना सापडला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर १९५६ ला, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यात तीन गोल नेव्हिल डिसूझाचे. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. मूळचा गोव्याच्या आसगावचा, खेळत असे मुंबईकडून, आणि गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. प्रशिक्षक रहीमसाहेब हैदराबादचे, कर्णधार समर बॅनर्जी बंगालचे. इकडे आमचा प्रांत भाषेने वाटला जात होता आणि तिकडे ही माणसे कोणत्या भाषेत पास मागत असतील? कोणत्याही भाषेत मागोत, ऐकणाऱ्याने ऐकले म्हणून चार गोल झाले.

एका संध्याकाळी मी भिंतीपलीकडे गेलो. मित्र तुरीच्या पोत्यावर बसून मोबाईल पाहत होता. मी कन्नडमध्येच म्हणालो, "मला ऐकू आलं होतं." त्याने वर पाहिले. म्हणाला, "ठाऊक आहे." मराठीत म्हणाला. एवढेच बोलणे झाले. त्याने जागा करून दिली, मी पोत्यावर बसलो. लगेच सारे पूर्वीसारखे झाले असे म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सरावाला आम्ही एकाच सायकलवर गेलो.

हे माझे शेवटचे वर्ष. परीक्षा संपली की पुण्याला नोकरीसाठी जायचे, असे आप्पांनी ठरवले आहे, आणि त्यांचे चूक नाही. फुटबॉलने आमच्या घरची चूल पेटणार नाही. माझ्या नावावर या कॉलेजात अकरा गोल आहेत. त्यातला एकही मला आता नीट आठवत नाही. आठवतो तो न दिलेला पास.

याच अंकाच्या कन्नड विभागात माझ्या मित्राचाही लेख आहे. विषय त्याच अंतिम सामन्याचा. मी कोरोवर लिहिले. त्याने लिहिले आहे राहुल भेकेवर. कलबुर्गीच्या सामन्याचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नाही. त्याने तो पास मला असा परत दिला आहे. ज्यांना कन्नड वाचता येते त्यांनी तो अवश्य वाचावा. आणि येत नाही, असे मात्र आपल्यापैकी कोणी म्हणू नये.