तेनसिंगचं दार्जिलिंग

सुकना मागे पडलं की सालाचं जंगल सुरू होतं आणि दार्जिलिंगची छोटी गाडी खरोखरीची चढायला लागते. रुळांची रुंदी जेमतेम दोन फूट. 1879 ते 1881 या काळात हा मार्ग तयार झाला. एवढ्या चढावर एकही बोगदा नाही. डोंगर पोखरण्याऐवजी त्याच्या कलानं घेत, वळसे घालत रूळ वर गेले आहेत. जिथं वळशालाही जागा नाही, तिथं गाडी थांबते, उलटी मागे जाते आणि पुन्हा पुढे निघते. तोवर ती एक टप्पा वर चढलेली असते. आपल्या खंडाळ्याच्या घाटातही एके काळी गाडी अशीच उलटी फिरवत असत. कर्सियांगला हवा पालटते, सोनाड्याला धुकं खिडकीतून आत येतं आणि 2,258 मीटर उंचीवर घूम येतं. हे आपल्या देशातलं सर्वांत उंचावरचं रेल्वे स्थानक. तिथून गाडी चक्क उतरत उतरत दार्जिलिंगला पोचते.

तेनसिंग नोर्गेनं जिथं घर केलं, ते गाव मला बघायचं होतं. शाळेच्या पुस्तकात भेटलेला तेनसिंग एका शिखरावर एका दिवसापुरता उभा होता. त्याच्या आधीचे आणि नंतरचे दिवस कुठं गेले, हे इथल्या उतारांवरच कळेल असं वाटत होतं.

दार्जिलिंग हे मुळात कामासाठी आलेल्या माणसांचं गाव. 1835 साली सिक्कीमच्या राजानं ही डोंगरधार ईस्ट इंडिया कंपनीला दिली, तेव्हा इथं फारशी वस्ती नव्हती. मैदानातल्या उकाड्यानं आजारी पडणाऱ्या गोऱ्यांसाठी थंड हवेचं ठाणं हवं होतं. 1839 मध्ये डॉ. कॅम्पबेल कारभार पाहायला आले आणि त्यांनी चहाची रोपं लावून पाहिली. मळे वाढले, रस्ते आले, आणि त्या कामांसाठी नेपाळच्या डोंगरातून माणसं उतरून आली. त्यांच्यातच एव्हरेस्टच्या पायथ्याच्या सोलू-खुंबू भागातले शेर्पा होते. पुढे 1921 मध्ये एव्हरेस्टची पहिली मोहीम निघाली तीही इथूनच. नेपाळचं दार तेव्हा बंद होतं, त्यामुळे वाट तिबेटमधून होती. डोंगरातल्या मजुरीचा बाजार असा दार्जिलिंगला भरू लागला.

त्या बाजारात 1932 च्या अखेरीस अठरा वर्षांचा एक मुलगा घरून पळून आला. तेरा भावंडांतलं अकरावं मूल. घरची याकं राखत वाढलेला. मोहिमेवर जायचं एवढंच डोक्यात होतं. पण पोट आधी. गावाबाहेर आलुबारीत तो गायी राखू लागला आणि दार्जिलिंगच्या दारोदार दूध घालू लागला. 1933 च्या मोहिमेसाठी भरती झाली तेव्हा त्यानं नेपाळी पद्धतीनं केस कापले होते आणि कपडेही तसेच होते. हा शेर्पाच नव्हे, असं समजून निवडणाऱ्यांनी त्याला बाजूला काढलं. दोन वर्षांनी नव्या मोहिमेचा नेता एरिक शिप्टन याला आयत्या वेळी दोन माणसं कमी पडली आणि रांगेतल्या या हसऱ्या तरुणाकडे त्याचं लक्ष गेलं. मजुरी रोजी बारा आणे, बर्फाच्या रेषेवर गेलं तर एक रुपया.

चौरस्त्याची गर्दी मागे टाकून उतरत गेलं की तूंग सूंग बस्ती लागते. उतारावर एकाला एक चिकटून उभी घरं, पायऱ्यांच्या अरुंद गल्ल्या, छपरांवर फडफडणाऱ्या प्रार्थनेच्या पताका, पत्र्याच्या डब्यांत लावलेली फुलझाडं. एक बाई डोक्यावरून घेतलेल्या नामलोच्या पट्ट्यावर भरलेली डोको, म्हणजे पाठीवरची टोपली, पेलत माझ्या पुढून चढून गेली आणि मी भिंतीला टेकून वाट दिली. 1935 मध्ये दावा फुटी हिच्याशी लग्न करून तेनसिंग याच बस्तीत राहायला आला.

तेव्हा बस्तीवर दुःखाची छाया होती. आदल्याच वर्षी नंगा पर्वतावर वादळात सहा शेर्पा मेले होते. ज्या घरांतून माणूस गेला होता, त्यांच्याच शेजारच्या घरांतून पुढच्या मोहिमेला माणसं निघत होती. या गल्ल्यांत उभं राहिल्यावर मला प्रथमच जाणवलं की डोंगराची ओढ हा इथं फुरसतीचा विषय नव्हता. मोहीम निघाली तर घरात धान्य येई, आणि मोहिमेवरून माणूस परतेपर्यंत त्या घरानं श्वास रोखलेला असे. तेनसिंगला डोंगर मनापासून आवडत. ती आवड आणि घरची चूल त्याला एकाच पाठीवर वाहावी लागली.

घरानं त्याच्याकडून खूप काही घेतलंही. थोरला मुलगा 1939 मध्ये चार वर्षांचा असताना गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोहिमा थांबल्या, तेव्हा तेनसिंग चित्रालमध्ये लष्करी अधिकाऱ्यांकडे काम करत होता. 1944 मध्ये तिथंच दावा फुटी वारली. पेम पेम आणि निमा या दोन लहान मुलींना घेऊन तो हिंदुस्थानची अख्खी रुंदी ओलांडून दार्जिलिंगला परतला. पुढे आंग ल्हामूशी त्याचं लग्न झालं. तिनं या मुलींना पोटच्या लेकींसारखं वाढवलं आणि तो मोहिमांवर असताना आयाचं काम करून घर चालवलं. तेनसिंगच्या कष्टांची गोष्ट सांगताना तिचे कष्ट गाळले तर हिशेब चुकतो.

1952 साली तो स्विस मोहिमांबरोबर दोनदा एव्हरेस्टवर गेला. पहिल्या खेपेला रेमंड लॅम्बर्ट आणि तो सुमारे 8,600 मीटरपर्यंत पोचले. दुसऱ्या मोहिमेनंतर मलेरियानं त्याला गाठलं आणि पाटण्याच्या रुग्णालयात राहून तो हाडं दिसत घरी आला. अशात ब्रिटिशांच्या मोहिमेचं बोलावणं आलं. आंग ल्हामूचा जीव धास्तावला आणि तिनं विरोध केला. त्यानं मात्र पाठपिशवीत दगड भरले आणि भल्या पहाटे या गावचे चढउतार पायाखाली घालायला सुरुवात केली. तूंग सूंगच्या पायऱ्या चढताना माझी मोकळ्या हातांनी दमछाक होत होती. आजारातून उठलेल्या एकोणचाळिशीच्या माणसानं ओझं घेऊन ते कसं केलं असेल, हे छातीतल्या धापेनंच मला सांगितलं.

निघताना धाकट्या निमानं त्याला आपल्या लाल-निळ्या पेन्सिलीचा तुकडा दिला. शिखरावर पोचलात तर तिथं ठेवा, एवढंच मागणं. 29 मे 1953 ला सकाळी साडेअकराला मोहिमेतला जोडीदार हिलरी आणि तो शिखरावर होते. गळ्यात लॅम्बर्टनं दिलेला लाल रुमाल. ही त्याची एव्हरेस्टची सातवी खेप. हिमकुऱ्हाडीला बांधलेले चार झेंडे त्यानं उंच धरले, त्याचं छायाचित्र जगानं पाहिलं. त्यानंतर बर्फात छोटा खड्डा करून त्यानं देवासाठी आणलेला गोड खाऊ ठेवला आणि त्याच्याशेजारी लेकीच्या पेन्सिलीचा तुकडा. जगातल्या सर्वांत उंच जागी एका बापानं मुलीला दिलेला शब्द पाळला. मला झेंड्यांपेक्षाही ही गोष्ट मोठी वाटते.

दुसऱ्या दिवशी मी जवाहर पर्वतावरच्या हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूटला गेलो. वाट प्राणिसंग्रहालयातून जाते. लाल पांडा आणि हिमबिबटे बघणाऱ्या पोरांचा गलका मागे राहतो आणि संग्रहालयाची इमारत समोर येते. आत 1953 च्या मोहिमेतलं सामान मांडलं आहे. आजच्या हलक्या साधनांच्या मानानं ते सगळं किती जड आणि किती साधं!

ही संस्था 4 नोव्हेंबर 1954 ला पंडित नेहरूंच्या पुढाकारानं सुरू झाली. एका तेनसिंगवर थांबू नये, त्याच्यासारखे हजार घडावेत, ही नेहरूंची इच्छा होती. मेजर नरेंद्र धर जयाल पहिले प्राचार्य झाले आणि तेनसिंग क्षेत्र-प्रशिक्षणाचा प्रमुख. शिकवण्याआधी तो स्वतः स्वित्झर्लंडला जाऊन शिकून आला. ज्याच्या नावाचा जगभर डंका होता, त्यानं पुन्हा विद्यार्थी व्हायला कमीपणा मानला नाही. लिहिता-वाचता न येणारा हा माणूस 1976 पर्यंत तिथं होता. शिखरावर तो पंधरा मिनिटं होता, या संस्थेत बावीस वर्षं.

घरातही हे शिक्षण झिरपलं. 1959 मध्ये क्लोद कोगानच्या नेतृत्वाखाली स्त्रियांची मोहीम चो ओयूवर गेली, तेव्हा पेम पेम आणि निमा तिच्यात होत्या. भाचा नवांग गोम्बू 1963 आणि 1965 असा दोनदा एव्हरेस्टवर चढला. दोनदा चढणारा तो जगातला पहिला. आंग ल्हामू 1964 मध्ये वारली. तिसरी पत्नी डाकू हिच्यापासून झालेला मुलगा जामलिंग 1996 मध्ये वडिलांच्या शिखरावर उभा राहिला.

लेबाँगच्या वाटेवर तेनसिंग रॉक नावाचा कातळ आहे. तिथं पोरं दोराचा सराव करत होती. खाली उभा असलेला मुलगा वर चढणाऱ्याचा दोर हळूहळू सोडत होता आणि त्याची नजर क्षणभरही हलत नव्हती. 1953 च्या मोहिमेत हिलरी हिमभेगेत कोसळला, तेव्हा तेनसिंगनं दोर पक्का धरून त्याला वाचवलं होतं. त्यानंतरच ती जोडी जुळली. सह्याद्रीच्या कड्यांवर हात घासून तयार झालेली आपली कितीतरी मुलंमुली इथं बेसिक कोर्सला येतात आणि दुसऱ्याचा जीव आपल्या हातात आहे, हा धडा पक्का करून परततात.

9 मे 1986 ला तेनसिंग याच गावात गेला. अंत्ययात्रेला हिलरी आला होता. संस्थेच्या आवारात तेनसिंगची समाधी आहे आणि तिथंच हिमकुऱ्हाड उंचावलेला त्याचा पुतळा. आधी शिखरावर कोण चढलं, असं त्याला जन्मभर विचारत राहिले. 1955 च्या आत्मकथेत त्यानं सरळ सांगून टाकलं की हिलरी काही पावलं पुढे होता. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांसाठी ओझी वाहिली आणि दोर धरले, त्याला हे सांगणं जड गेलं नसावं.

दार्जिलिंगला येणारे बहुतेक जण पुतळ्यापाशी फोटो काढून परततात. मी सांगेन, क्रम बदला. आधी तूंग सूंगच्या पायऱ्या उतरा आणि पुन्हा चढा. दूध घालणारा पोरगा, बारा आण्यांचा हमाल, दोन पोरक्या मुलींचा बाप, पिशवीत दगड भरून चालणारा माणूस, यांना भेटा. त्यानंतर पुतळ्यासमोर उभे राहाल, तेव्हा उंच धरलेल्या त्या हातात किती वर्षांची मजुरी आहे, हे कुणाला सांगावं लागणार नाही.