नगरच्या माळावर दोन दिवस

नगर जिल्ह्याचें नांव काढलें कीं पुण्यामुंबईकडील मंडळींच्या डोळ्यांपुढें प्रथम येतो उघडा माळ, त्यामागून दुष्काळ, आणि फार तर शिर्डीच्या वाटेवर मोटारीच्या खिडकींतून दिसलेल्या उसाच्या गाड्या. २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें; परंतु माळ आहे तो आहेच. अशा जिल्ह्यांत कोणी वनविद्या पाहावयास निघाला असें सांगितलें तर ऐकणारास हसूं येईल. आम्हांसहि आलें होतें.

निमंत्रण होतें आमच्या जुन्या स्नेह्यांचें. त्यांनीं आयुष्यभर वनविद्या शिकविली, आतां सेवानिवृत्त आहेत, आणि आपलें नांव कोठें छापूं नये अशी त्यांची अट असल्यामुळें त्यांस नुसतें प्राध्यापक म्हणूं. ते म्हणाले, "महाबळेश्वरचें रान सर्वच पाहतात. मी तुम्हांस झाड न लावण्याची विद्या दाखवितों." हें कोडें ऐकून घरांतील मुलें हट्टास पेटलीं, आणि मार्गशीर्षांतल्या एका पहाटे थोरले बंधु, वहिनी, तीन मुलें आणि आम्ही असे सर्व त्यांजबरोबर निघालों.

वाट थोडी वांकडी करून आधीं राहुरीस गेलों. तेथील महात्मा फुले कृषि विद्यापीठ १९६८ सालचें. येथें वनशेतीवर, म्हणजे पीक आणि झाड एकाच रानांत कसें नांदेल यावर, संशोधन चालतें. शेतकऱ्याची तक्रार जुनी आहे: बांधावरच्या झाडाची सावली पीक खाते आणि मुळें पाणी पितात. तिला उत्तर म्हणजे झाड कोणतें निवडावें, किती अंतरावर लावावें, फांद्या केव्हां छाटाव्या हें ठरविणें. निंब, बाभूळ, अंजन हीं नांवें मुलांनीं वहींत टिपून घेतलीं. राहुरीस आम्ही फार थांबलों नाहीं, कारण प्राध्यापकांचें मन पुढें धांवत होतें.

मोटारींत त्यांनीं आपल्या विद्येची कुळकथा सांगितली. १८६४ सालीं डीट्रिख ब्रांडिस नांवाचा जर्मन गृहस्थ हिंदुस्थानचा पहिला मुख्य वनाधिकारी झाला. १८७८ सालीं डेहराडूनला वनशाळा निघाली आणि त्याच वर्षीं वनांचा मोठा कायदा झाला. शाळा आणि कायदा यांचा जन्म एकाच वर्षींचा, हें त्यांस फार अर्थपूर्ण वाटतें. "आम्ही विद्यार्थ्यांस झाडाचा घेर मोजावयास शिकविलें, लांकडाचें घनफळ काढावयास शिकविलें. परंतु गुराख्यास 'उद्यांपासून इकडे येऊं नको' हें कोणत्या तोंडानें सांगावें, तें कोणत्याच पुस्तकांत नव्हतें. तेवढें काम आम्हीं रक्षकाच्या काठीवर सोंपविलें." १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनें गांवकऱ्यांच्या गरजांस अग्रस्थान दिलें खरें, पण तोंवर शंभर वर्षांचें वैर मुरलें होतें.

दुपारीं हिवरे बाजार गांठलें. हिवर नांवाच्या कांटेरी झाडावरून गांवाचें नांव पडलें असावें, असा आमचा तर्क. पाऊस वर्षाकाठीं साधारण ४०० मिलिमीटर, तोहि लहरी. १९७२ च्या दुष्काळानंतर हें गांव जें खचलें तें सुमारें वीस वर्षें सांवरलें नाहीं. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, माणसें मजुरीसाठीं बाहेर. शासकीय सेवकास शिक्षा म्हणून येथें धाडीत असें सांगतात. १९८९ सालीं गांवानें पोपटराव पवार या पदवीधर तरुणास सरपंच केलें. पुढें सामाजिक वनीकरण खात्याच्या साह्यानें गांवाभोंवतालच्या सुमारें ७० हेक्टर उजाड वनभूमीचें काम निघालें, आणि १९९४ पासून गांव शासनाच्या आदर्श गांव योजनेंत आलें. पवारांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. एवढा वृत्तांत वृत्तपत्रें वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे. आम्हांस पाहावयाचा होता तो डोंगर.

डोंगरावर चढल्यावर प्राध्यापकांनीं मुलांस एका चराच्या कांठीं बसविलें. उतारास आडवे, एकाच पातळींत खणलेले असे हजारों चर या डोंगरांवर आहेत. पाणी उतारानें धांवूं लागलें कीं पहिल्या चरांत थांबतें, जमिनींत मुरतें, उरलेलें दुसऱ्यांत जातें. धांवतें पाणी माती नेतें, थांबलेलें पाणी माती ठेवतें. हें मुलांस पटकन कळलें. मग त्यांनीं विचारलें, "येथें झाडें कोणीं लावलीं?" आमचा धाकटा पुतण्या म्हणाला, "गांवानें." "पुष्कळशीं गांवानें," प्राध्यापक म्हणाले, "आणि पुष्कळशीं कोणींच नाहीं."

कोड्याचा उलगडा येथें झाला. बोडका दिसणारा डोंगर मेलेला नसतो. तोडलेल्या झाडांच्या कित्येक मुळ्या जमिनींत जिवंत असतात आणि दर पावसाळ्यांत अंकुर काढतात. शेळी तो अंकुर शेंड्यासकट खाते, पुनः फुटतो, पुनः खाते. शिवाय गुरांच्या खुरांनीं माती इतकी दडपते कीं पावसाचें पाणी आंत शिरत नाहीं. चरणें थांबविलें तर प्रथम गवत येतें, गवतानें माती सैल होते, ओल टिकते, आणि जुनीं खोडें आपोआप वर येतात. रोपें लावणें हें त्यावरचें काम. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी नसतां लावलेलें रोप म्हणजे शेळीस वाढलेलें ताट. वनमहोत्सवांतील आपलीं छायाचित्रें आठवून थोरले बंधु किंचित् ओशाळले, हें आम्हीं पाहिलें.

परंतु वहिनींच्या मनांत वेगळेंच चाललें होतें. त्यांनीं विचारलें, "ज्या बाईस जमीन नाहीं आणि दोनच शेळ्या आहेत, तिनें बंदीच्या दुसऱ्या दिवशीं काय केलें?" प्राध्यापक क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "वहिनी, हाच प्रश्न परीक्षेस घालावयास हवा होता."

गांवानें काढलेलें उत्तर असें. गुरें डोंगरावर सोडावयाचीं नाहींत, पण ठरलेली अल्प रक्कम भरून गवत कापून डोक्यावर न्यावयाचें. गवत वाढलें तशीं दुभतीं जनावरें वाढलीं. १९९५ च्या सुमारास गांवांत दिवसाला दीडशें लिटरच्या आसपास दूध निघे, तें पुढें चार हजारांच्या घरांत गेलें. शिवाय गांव दरवर्षीं पर्जन्यमापकावरील नोंद पाहून पाण्याचा ताळेबंद मांडतें आणि कोणतें पीक घ्यावयाचें तें ठरवितें. उसासारखीं तहानलेलीं पिकें वर्ज्य, शेतीसाठीं कूपनलिका वर्ज्य. घरांत जमाखर्च लिहिणाऱ्या बायकांस यांत नवल वाटूं नये; नवल इतकेंच कीं तो सर्व गांवानें मिळून लिहावा. तथापि दोन शेळ्या विकून एक गाय येत नाहीं, ही वहिनींची शंका तशीच उरली. प्राध्यापकांनींहि ती खोडली नाहीं. बंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं, आणि जो प्रथम सोसतो त्याच्या पदरांत फळ शेवटीं पडतें, असें ते म्हणाले.

रात्रीं नगरांत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशीं दक्षिणेस कर्जत तालुक्यांत देऊळगांव-रेहेकुरीच्या अभयारण्यांत गेलों. १९८० सालीं काळविटांसाठीं राखलेला हा प्रदेश अवघा २.१७ चौरस किलोमीटर. अभयारण्य म्हणतां जें चित्र मनांत उभें राहतें त्याच्याशीं त्याचें कांहींच साम्य नाहीं. गुडघाभर पिवळें गवत, मधून मधून बाभळीचें झुडूप, आणि वर आकाश. मुलें निराश झालीं. इतक्यांत गवतांतून एक काळा नर, मळसूत्री शिंगें मागें टाकून, उभाच्या उभा उडाला. त्यामागून बदामी रंगाच्या माद्या. कोणी टाळी वाजवूं नये असें आधींच बजावलें होतें म्हणून, नाहींतर वाजलीच असती.

प्राध्यापकांचा दुसरा धडा येथला. काळवीट जगतें दृष्टीवर आणि पायांवर. लांडगा दुरून दिसला पाहिजे आणि धांवावयास मोकळें रान पाहिजे. गवताळ माळास पडीक समजून त्यावर दाट झाडी लावली, तर गवत सांवलींत मरतें आणि काळविटाचें घर मोडतें. काल ज्या डोंगरावर झाड यावें म्हणून इतका खटाटोप, आज त्याच जिल्ह्यांत झाड नको! सरकारी दप्तरांत 'पडीक' हा शब्द ज्यानें प्रथम लिहिला त्यानें किती प्राण्यांचें अन्न तोडलें असेल, असें आमच्या मनांत आलें.

परततांना दिवस मावळत होता. रस्त्यालगत ज्वारीच्या कापलेल्या रानांत धनगरांचा वाडा पडला होता. खतासाठीं शेतांत मेंढ्या बसविल्या होत्या, आणि त्याबद्दल शेतकऱ्यानें धान्य द्यावयाचें ठरलें होतें. प्राध्यापकांनीं मोटार थांबविली. एक म्हातारा धनगर तीन दगडांच्या चुलीपाशीं होता. त्यांनीं रामराम करून विचारलें, "बाबा, हिवऱ्याच्या अंगाला जातां का कधीं?"

"पूर्वीं जायचो सायेब. आतां तिकडं बंदी हाय. आमी लांबूनच वळतो."

"मग वाट कोठून धरतां?"

म्हाताऱ्यानें काठीनें मातींत एक रेघ ओढली, तिच्यांत गांवें सांगितलीं, कोठें पाणी मिळतें, कोठें शेतकरी बसूं देतो, कोठें कुंपण झालें. प्राध्यापक मांडी घालून खालीं बसले आणि मुलांच्या वहींतलें एक कोरें पान मागून घेऊन ती रेघ उतरवूं लागले. अंधार पडला तरी उठेनात. शेवटीं वहिनींनीं मोटारींतून विजेरी पाठविली.